कोरडी कप्पी

(पनवेल, २००८. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला लागून जगनचं पत्र्याचं गॅरेज. मागच्या खोलीत तो आणि त्याची बायको भामा राहतात. सकाळचे अकरा. शैलेशच्या गाडीचं बोनेट उघडं, इंजिन चालू.)

शैलेश : ...मागच्या वेळीही तुम्ही हेच म्हणालात, जगनभाऊ. चार दिवस चालवा, आवाज आपोआप बसेल. चाराचे पंधरा झाले.

जगन : साहेब, दहा वर्सांची गाडी हाय. माणूस पन सकाळी उठताना कण्हतो.

शैलेश : उद्या पहाटे आईबाबांना घेऊन रत्नागिरीला निघायचंय. बाबांची बायपास होऊन दोन महिने झालेत. कर्नाळ्याला गाडी बंद पडली तर त्यांना घेऊन रस्त्यावर उभा राहू का मी?

जगन : बंद नाय पडत. बाहेर बोर्ड काय लावलाय मी? वाचा जरा.

शैलेश : 'आवाज ऐकून फॉल्ट सांगितला जाईल.' पाठ आहे मला. पाच वर्षांपूर्वी तोच वाचून तुमच्याकडे आलो. तेव्हा तुम्ही गाडी दारात येता येताच सांगायचात, मागच्या डाव्या चाकाचं बेअरिंग बोलतंय म्हणून.

जगन : मंग? आता पन सांगतो. द्या रेस. पेचकस इंजिनाला लावला, दांडा कानाला लावला. आनखी द्या... हां. आला. टॅपेट. हेडचं कव्हर खोलतो.

शैलेश : पहिल्यांदा पट्टा म्हणालात, बदलला. मग अल्टरनेटरचं बेअरिंग म्हणालात, तेही बदललं. आता टॅपेट? अहो, टॅपेट टकटक करतं ना? हा तर चिमणीसारखा चीं चीं करतोय.

जगन : चीं चीं?

शैलेश : म्हणजे काय? तुम्ही आत्ताच ऐकलात ना?

जगन : ऐकला. ऐकला तर. चीं चीं... तेच म्हणतोय मी. टॅपेट कोरडं पडलं की करतं कधीकधी.

शैलेश : जगनभाऊ, रागावू नका. वहिनी आहेत का घरात? आमच्या सोसायटीतले डॉक्टर म्हणाले, जगनकडे गेलास तर वहिनींना एकदा ऐकव.

जगन : का? वहिनी काय करनार? डॉक्टरच्या गाडीचा पंखा कोनी सरळ केला? मी. बोनेटमदी अर्धा दिवस कोन वाकला? मी. ती नुसती पत्र्याच्या मागून वरडली, पंखा घासतोय म्हणून. तेवढ्यावर अख्ख्या सोसायटीत नाव तिचं!

शैलेश : तसं नाही हो—

जगन : तसंच हाय. परवा तो कळंबोलीचा टेम्पोवाला आला. मी समोर उभा, हातात पाना. माज्याकडं बघून इचारतो, "भाभी नाय का?" माज्या गॅरेजात!

भामा : अवो, किती वरडताय? भाऊ, गाडी बंद करा आधी. बंद करा.

जगन : घ्या. आली. पुढं यायचं नाय म्हणून ठरलंय ना आपलं? दोन म्हयने झाले ठरून.

भामा : ठरलंय. पन हा आवाज सकाळपासून माज्या दातात शिरतोय. पंधरा दिवसांपूर्वी आलेले तवा पन हाच होता. तवा कधीतरी यायचा, आता थांबतच नाय.

शैलेश : ऐकलंत? वहिनी, चिमणीसारखा ना?

भामा : चिमणी नाय. कोरडी कप्पी. जाळं ओढायच्या कप्पीला तेल नसलं की अशीच रडते. अन् हा बाहेरून येत नाय. आतून येतोय, त्या काळ्या झाकणाच्या मागून.

जगन : टायमिंगचं झाकन हाय ते! तुला नाव तरी म्हायती हाय का?

भामा : नाव तुमाला म्हायती. मला जागा म्हायती.

शैलेश : टायमिंग म्हणजे जगनभाऊ, तो पट्टा तुटला की इंजिन गेलं म्हणतात तोच ना?

जगन : तोच. त्याला ताणून धरनारी एक पुली असते, टेन्शनर म्हणतात. तिचं बेअरिंग अडकलं की पट्टा तुटतो, व्हॉल्व पिस्टनवर आपटतात, इंजिन खलास. पन त्याचा काय संबंद हितं? हा बाहेरच्या पट्ट्याच्या लायनीतला आवाज हाय. थांबा, दाखवतो. चालू करा गाडी. हे बघा, पट्ट्यावर पानी टाकतो. ओला झाला की पट्टा गप होतो... झाला ना? कमी झाला की नाय?

शैलेश : नाही.

जगन : थोडा तरी?

शैलेश : अजिबात नाही, जगनभाऊ. जसाच्या तसा.

भामा : बाहेरचा पट्टा काढूनच टाका ना. दहा मिन्टाचं काम. काढून अर्धं मिनिट गाडी चालू करा. आवाज ऱ्हायला तर आतला, गेला तर बाहेरचा.

जगन : हे कोनी शिकवलं तुला?

भामा : तुमीच. गणू ड्रायव्हरच्या जीपला केलं होतं तुमी. मी मागं बोंबील साफ करत होते.

जगन : बोंबील साफ करता करता माजी विद्या पन साफ केली हिनं. काढतो. साहेब, काढतो पट्टा, तुमच्यासमोर काढतो. एकदाचं होऊन जाऊ दे. हितं गॅरेज कोन चालवतं ते कळू दे सगळ्यांना.

शैलेश : अहो, भांडण नका लावू माझ्या गाडीवरून.

जगन : भांडन नाय. गाडी बंद करा. बोल्ट सैल केला... हा निघाला पट्टा. मारा चावी. हां. बघा. ऐका. गेला! साफ गेला. काय म्हणत होतो मी? भामे, ऐकतेस ना? गेला तुजा कप्पीचा आवाज. बाहेरचाच होता.

शैलेश : जगनभाऊ...

जगन : काय?

शैलेश : येतोय की आवाज. उलट जास्त स्पष्ट येतोय.

जगन : कुटं?

भामा : बंद करा भाऊ, गाडी बंद करा. मदी थांबलेला खरा. हे म्हणाले तवा थांबलेला. मंग परत आला.

शैलेश : नाही हो वहिनी, एक क्षणही—

भामा : थांबलेला. मी ऐकलं ना. तुमी चावीकडं बघत होता.

शैलेश : असेल. बरं, मी जरा घरी फोन करून येतो. इथे पत्र्याखाली रेंज नाही. तुम्ही ठरवा दोघं.

भामा : पुसा ते हात. ग्रीस गालाला लागलंय.

जगन : खोटं का बोललीस?

भामा : काय खोटं?

जगन : थांबलेला म्हणून. गिऱ्हाइकासमोर माजी कीव केलीस तू.

भामा : हळू बोला. भाईरच हाय तो.

जगन : तो ऐकेल. तुला ऐकू जाईल. सगळ्या पनवेलला जाईल. एक मीच तेवढा... मला सांग, कवापासून म्हायती हाय तुला?

भामा : गेल्या दिवाळीपासून.

जगन : दिवाळीपासून! कसं?

भामा : तुमी म्हणालात, यंदा डास कमी झालेत. मागं गटार, पुढं गटार, अन् पनवेलात डास कमी? तुमच्या कानाशी घोंघावत होता. मी मारला, तर तुमी माज्यावरच खेकसलात, मला का मारतेस म्हणून.

जगन : ...मला वाटलं, पालिकेनं फवारलं असंल.

भामा : मंग मोबाईल. तो वाजतो अन् तुमी शेजारी बसलेले असता. मी मागून येऊन उचलून देते. म्हणता, गाड्यांच्या गोंधळात कळलं नाय. कुटला गोंधळ? दुपारी दोनला?

जगन : जाडा आवाज येतो मला. ट्रक येतो, जनरेटर येतो, तू येतेस. बारीक तेवढा गेला. आधी वाटलं सर्दी. मंग वाटलं मळ. तेल घातलं, काडी घातली.

भामा : अन् मंग इतके दिवस गाड्या कशा केल्यात?

जगन : तोंड बघून. गिऱ्हाइकाचं तोंड. रेस दिली की ज्या घडीला त्याचा चेहरा आंबट होतो, त्या घडीला मी म्हणतो, हां, आला. मंग कुटं आला ते अंदाजानं. पट्टा म्हण, टॅपेट म्हण. दहात सहा वेळा निघतं खरं.

भामा : अन् बाकीचे चार?

जगन : एक भाईर फोन करतोय.

भामा : मला का नाय सांगितलं?

जगन : तुला? तुलाच तर नाय सांगायचं होतं! जळतं माजं, भामे. आता बोललोच तर सगळं ऐक. तुज्या कानांवर जळतो मी. चोवीस वर्सं इंजिनात डोकं घालून कान कमावला मी, अन् तू आत बसून, भाकरी थापता थापता सांगतेस, पंखा घासतोय. त्या दिवशी डॉक्टर हसला तुज्याकडं बघून, शाब्बास म्हणाला, तवा वाटलं पाना फेकून मारावा.

भामा : कोनाला? डॉक्टरला?

जगन : कोनाला पन. म्हणून तुला म्हणालो पुढं यायचं नाय. बायकांनी गॅरेजात येऊ नये, हे काय कारन नाय. तू आलीस की मला कळतं, माजं काय गेलंय ते.

भामा : मला कळलं होतं ते. म्हणून नाय आले पुढं. दोन म्हयने पत्र्याआडून गाड्या ऐकत बसले, तोंड मिटून.

जगन : अन् वर तुजा बाप. तुज्या बापाची बोट. तुजा बाप असा ऐकायचा, तुजा बाप तसा ऐकायचा.

भामा : त्याला जाऊन अकरा वर्सं झाली, त्याच्यावर पन जळता?

जगन : त्याच्यावर सगळ्यात जास्त. त्याचे कान शेवटपर्यंत शाबूत होते.

भामा : चला. कानाच्या डॉक्टरकडं जाऊ.

जगन : त्या बोर्डाखालून निघून? लोक इचारतील, कुटं चाललास जगन, तर सांगू काय?

भामा : मंग नका जाऊ. पन ते झाकन उघडा. उद्या हा मानूस म्हाताऱ्या बापाला घेऊन निघनार हाय. ती कप्पी त्या बापाला घेऊन अडकेल.

जगन : तुज्या सांगन्यावरून इंजिनाचं टायमिंग खोलायचं. तुजं खोटं निघालं तर?

भामा : तर पुन्यांदा पत्र्याच्या पुढं येनार नाय मी. कधीच.

जगन : अन् खरं निघालं तर?

भामा : तर तुमी जळा खुशाल. पन गाडी नीट करा.

जगन : ...फटफटीची चावी दे, एम-एटीची. कळंबोलीला जाऊन पट्टा अन् टेन्शनर घेऊन येतो. साहेबाला सांग, तास लागेल जायला-यायला.

शैलेश : वहिनी, जगनभाऊ कुठे गेले? चिडून गेले का?

भामा : सामान आनायला गेले. टायमिंग खोलनार हायेत. बसा, ते स्टूल घ्या.

शैलेश : म्हणजे तुम्ही म्हणालात तेच.

भामा : ते पन तेच म्हणाले आता. सामान त्यांनीच ठरवलं.

शैलेश : वहिनी, एक विचारू? हे तुम्हाला येतं कसं? माझी आई आयुष्यभर गाडीत बसतेय, तिला हॉर्न आणि इंजिन यातला फरक कळत नाही.

भामा : माजं माहेर करंज्याचं, उरनच्या पुढं. कोळी आमी. बोटी परत यायच्या वेळेला बायका पाट्या घेऊन धक्क्यावर बसायच्या. धुकं असलं की काय दिसत नाय, पाच हातांवरचं नाय दिसत. मंग ऐकायचं. ती दयारामची बोट, दोन सिलिंडर, खोकते. ती काशिरामची, पंप गळतो तिचा. आपली बोट ऐकू आली की उठायचं, पदर खोचायचा, पुढं जाऊन उभं ऱ्हायचं. ज्या बाईला आधी ऐकू येईल तिला पुढची जागा.

शैलेश : आणि तुम्हाला आधी ऐकू यायचं.

भामा : माज्या आयेला. मी तिच्या मांडीवर. ती म्हणायची, सगळा समुद्र ऐकू नको. आपलं जे हाय तेवढंच ऐक, बाकीचं आपोआप मागं पडतं.

शैलेश : आमच्याकडे हे कोणी सांगत नाही.

भामा : एकदा दोन दिवस बोट आली नाय. सगळ्या उठून घरी गेल्या. आय बसून. तिसऱ्या दिवशी दुपारी म्हणाली, आला. कोनाला काय ऐकू येईना. अर्ध्या तासानं आला बाप, नुसतं ऐकून बिघाड शोधून एकाच सिलिंडरवर बोट आनलेली. हे मी यांना लगीन झाल्यावर सांगितलं. चूक झाली. तवापासून माज्या बापाचं नाव काढलं की यांचं तोंड वाकडं होतं.

शैलेश : वाकडं का?

भामा : नवऱ्याला बापाचं कौतुक सांगू नये, भाऊ. कळतं पन उशिरा. ...बोलता बोलता तास झाला की. थांबा, चहा टाकते. आले ते.

शैलेश : कोण? कुठे? मला तर नुसते ट्रक ऐकू येतायत.

भामा : पेट्रोलपंपाच्या वळनावर हायेत. चहाला उकळी येईपर्यंत पोचतील.

शैलेश : काय सांगताय! ...अरेच्चा. खरंच की हो. आले.

जगन : कळंबोलीत काय गर्दी! तीन दुकानं फिरलो. सरका साहेब, झाकन खोलतो. चहा कुटं— हा काय, झालाच? हिचा चहा बघा कायम गरम. घड्याळ लावून बसते बाई.

शैलेश : घड्याळ? अहो, त्या—

भामा : भाऊ, तुमचा चहा घ्या. निवेल.

जगन : टॉर्च धर, भामे. इकडं नाय, खाली. तुज्याशिवाय दुसरं कोन हाय हितं? धर. ...हा बोल्ट गंजलाय. हा आला. ...निघालं झाकन.

शैलेश : काय दिसतंय?

जगन : दिसत काय नाय. दिसायला चांगली हाय पुली. डोळ्यांना फसवील अशी.

भामा : म्हणजे माजं खोटं?

जगन : थांब. घाई कसली झाली तुला? पट्टा उतरवू दे. ...ही निघाली. हातात घेतली. आता फिरवतो.

शैलेश : जगनभाऊ? बोला की.

जगन : खरखर. वाळू भरल्यागत खरखर लागते बोटांना. आतलं ग्रीस सगळं जळून गेलंय, गोळ्या निळ्या पडल्यात. साहेब, हात पुढं करा, तुमी फिरवून बघा.

शैलेश : बापरे. हो की. किती दिवस टिकली असती?

जगन : कर्नाळ्यापर्यंत टिकली असती. पेनच्या पुढं नसती गेली. म्हाताऱ्याला घेऊन. ...मी दोनदा तुमची गाडी अशीच सोडली.

शैलेश : जाऊ द्या. सापडलं ना?

जगन : मला नाय सापडलं.

भामा : अवो, पट्टा चढवा. खुणेवर खूण जुळवा आधी.

जगन : ते मला शिकवू नको. तेवढं ठेव माज्याकडं.

शैलेश : दीड तास गेला बघा यातच. पाय अवघडले माझे.

जगन : झालंच. बाहेरचा पट्टा चढवला, हा शेवटचा बोल्ट. मारा चावी. ...द्या रेस. सोडा. परत द्या.

शैलेश : मला तर काही ऐकू येत नाहीये आता. जगनभाऊ, गेला ना आवाज? नक्की?

जगन : मला नका इचारू.

शैलेश : म्हणजे?

जगन : बारीक आवाज येत नाय मला, साहेब. वर्स झालं. तुमी मगाशी खरं बोलत होता. तो थांबला नव्हता. हिनं झाकलं माजं. तिला इचारा. भामे, ये अशी पुढं. ऐक.

शैलेश : वहिनी?

भामा : थांबा, भाऊ. बोलू नका. ...एकदा एसी लावा. ...बंद करा. हां. गेला. गप झाली कप्पी.

जगन : नक्की?

भामा : तुमी बसवली हाय. नक्कीच ना.

शैलेश : जगनभाऊ, मी सोसायटीत काही बोलणार नाही.

जगन : बोला. खरं ते बोला. आवाज ही ऐकते, हात माजा हाय. असं बोला. पन आजच नको, रत्नागिरीहून आल्यावर बोला. दोन दिवस जळू दे मला जरा.

शैलेश : येतो मग. वहिनी, चहा मस्त होता. आणि जगनभाऊ, तुमच्यासाठी सांगतो, त्यांनी घड्याळ बिड्याळ काही बघितलं नाही. तुम्ही पंपाच्या वळणावर होतात तेव्हाच त्या उठल्या. मला त्यानंतरही बराच वेळ काही ऐकू आलं नाही.

जगन : काय ऐकू आलं नाय?

शैलेश : तुमची एम-एटी. येतो मी.

जगन : ...काय म्हणाला हा?

भामा : काय नाय. त्या चिंध्या उचला, तेल सांडलंय.

जगन : भामे, चहा माज्या गाडीचा आवाज ऐकून टाकतेस?

भामा : मंग काय बघून टाकू? घरातलं घड्याळ गणपतीपासून बंद हाय. तुमच्या ध्यानात तरी आलं का?

जगन : किती दिवस?

भामा : एम-एटी घेतली तवापासून. त्याच्या आधी ती लुना होती, तवा तिच्यावर.

जगन : अन् मी इकडं जळून मरतोय, की हिचे कान सगळ्या जगाच्या गाड्यांना लागलेत.

भामा : आयेनं सांगितलेलं, आपलं असंल तेवढंच ऐक. बाकीच्यांचं मागं पडता पडता ऐकू येतं, त्याला मी काय करू?

जगन : रस्त्यानं शंभर एम-एटी जातात. माजी कशी कळते?

भामा : सायलेन्सरचा पत्रा सैल हाय तुमचा. बारीक वाजतो, भांड्यावर भांडं टेकल्यागत. वळन घेतलं की जास्त, पन वर बसलेल्याला नाय कळायचा.

जगन : सैल हाय? कवापासून?

भामा : झाली असतील चार वर्सं.

जगन : चार वर्सं! मेकॅनिकच्या गाडीचा सायलेन्सर चार वर्सं सैल, अन् तू गप? सांगायचं नाय मला?

भामा : सांगितलं असतं तर तुमी घट्ट केला असता.